तेताच्या हातचं, आता कुणाच्या हातचं?

मागच्या अंकात मी आमच्या घरच्या नाताळच्या जेवणाबद्दल थोडं लिहिलं होतं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी एवढंच सांगते, मी मूळची साताऱ्याची, सासर लेबननमधल्या झाहलेचं, ते लोक १९७६ साली युद्ध चालू असताना घरदार सोडून मॉन्ट्रियलला आले आणि मला या घरात येऊन आता २७ वर्षं झाली. लेबननमध्ये आजीला तेता म्हणतात, आजोबांना जिद्दो, मावशीला खाल्तो आणि आत्याला अम्तो, म्हणजे आपल्यासारखंच, प्रत्येक नात्याला वेगळा शब्द. त्या लेखावर खूप पत्रं आली, लेबनीज घरात सून म्हणून गेलेल्या मराठी मुलींची तर आलीच पण एक पत्र असं आलं की जिथे सून लेबनीज आहे आणि सासू पुण्याची. बहुतेक पत्रांत शेवटी एकच काळजी आहे, की सणाला घरात जे होतं ते करणारी बाई आता थकलीय, पुढे काय. सगळी छापणं शक्य नाही, त्यातली सहा घेतेय.

प्रश्न: ताई, आम्ही सिडनीला असतो. माझ्या सासरचे लोक उत्तर लेबननमधल्या झघार्ताचे. आजेसासूबाई ८४ वर्षांच्या, सगळं घर त्यांना तेता म्हणतं. नाताळला ३०-३५ माणसं जमतात आणि किब्बे फक्त त्याच करतात. माप काहीच नाही, विचारलं की म्हणतात हाताला कळतं. मागच्या वर्षी त्यांचा खांदा दुखत होता म्हणून दिरांनी बाहेरून आणलं, कुणी काही बोललं नाही पण निम्मं तसंच उरलं. मला शिकायचंय, पण घरात दोन काकी आहेत, सासूबाई आहेत, मी सगळ्यात नवीन आणि त्यात मराठी, त्यांना वाटायचं ही कोण आली वारसदार. गुपचूप व्हिडिओ काढून ठेवू का?

उत्तर: अगं, गुपचूप नको. आणि खरं सांगू का, उघडपणे काढलास तरी नुसत्या व्हिडिओने काही होत नाही. माझ्याकडे सासूबाईंचे ११ व्हिडिओ आहेत, २०१५-१६ मधले, त्यात त्या किब्बे मळतायत, हसतायत, मला ओरडतायत की कॅमेरा बाजूला ठेव आणि हात धू. त्या गेल्यावर मी ते बघून करायला गेले तर तिसऱ्या मिनिटाला अडले, कारण पीठ दिसतं कसं ते व्हिडिओत आहे, हाताला लागतं कसं ते नाही. त्या ओरडत होत्या तेच बरोबर होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, किब्बे म्हणजे बारीक कुटलेलं मटण आणि बारीक बुरगुल (उकडून, वाळवून भरडलेला गहू) कांदा-मसाल्याबरोबर एकजीव मळायचं. मग त्याचे प्रकार, ट्रेमध्ये दोन थरांत मधे सारण घालून भाजतात आणि वर सुरीने शंकरपाळ्यासारख्या चौकटी पाडतात, नाहीतर लांबट गोळे भरून तळतात, नाहीतर दह्याच्या रश्श्यात सोडतात. आणि तुमच्या झघार्ताचा प्रकार तर प्रसिद्धच आहे, जाड वाटोळे गोळे, आत मसाला लावलेली चरबी, आणि कोळशावर भाजायचे. तुम्हाला सिडनीत डिसेंबरमध्ये कडक उन्हाळा, म्हणजे अंगणात शेगडी पेटवून करता येतं, आम्ही इकडे बर्फात बसलेलो असतो, आम्हाला ट्रेवालंच परवडतं.

आता माप कसं काढायचं ते सांगते, हे मला एका शेजारणीने शिकवलं आणि याच्याइतकं उपयोगी काही नाही. तेतांना माप विचारायचंच नाही. आदल्या रात्री स्वयंपाकघरातलं सगळं वजन करून ठेव, बुरगुलची पिशवी, मिठाची बरणी, ऑलस्पाइसचा डबा, दालचिनीचा डबा, आणि बर्फाचं पाणी मोजून एका जगमध्ये. मग त्यांना नेहमीसारखं करू दे, अजिबात थांबवायचं नाही, चमचा पुढे करायचा नाही. सगळं झालं की परत वजन कर. वजा केलंस की तेतांचं माप तुझ्या हातात. आमच्याकडे एक किलो मटणाला ४८० ग्रॅम बुरगुल निघालं, आणि घरातल्या दोन बायका वर्षानुवर्षं भांडत होत्या की पाव की अर्धा.

पण वजनाने फक्त अर्धं काम होतं. पुढचं अर्धं म्हणजे तो गोळा. तो तयार होताना तीन-चार वेळा त्यांच्या हातातून तुझ्या हातात घ्यायचा, त्या म्हणतील अजून नाही, अजून नाही, मग एकदा म्हणतील हां आता. ते हां आता तुझ्या तळव्याला कळलं पाहिजे. अरबीत याला नफस म्हणतात, शब्दशः अर्थ श्वास, पण स्वयंपाकाच्या बाबतीत आपण हाताला चव आहे म्हणतो ना, अगदी तेच. लोकांना वाटतं नफस जन्मजात असतो. मला तसं वाटत नाही, मी साताऱ्याची, मला काही तो झाहलेहून मिळाला नव्हता, पण सात-आठ नाताळ हाताने मळत राहिल्यावर जवळपास आला.

एक सावधगिरी, पूर्वीच्या बायका मीठ बघायला कच्चंच चाखायच्या, आणि किब्बे निय्ये म्हणजे कच्चं किब्बे हा तर मानाचा पदार्थ आहे. तो करणार असाल तर मटण त्याच दिवशीचं, अगदी विश्वासातल्या खाटकाकडचं, कच्चं खायचंय असं सांगून स्वच्छ मशीनमधून काढलेलं. गरोदर बाई, लहान मुलं आणि तेतांच्या वयाची माणसं यांना तरी नकोच. मीठ बघायला लिंबाएवढा तुकडा तव्यावर भाजून बघायचा.

आता काकींचं. मला शिकवा असं म्हणू नकोस, त्यात खरंच वारसा मागितल्यासारखं वाटतं. म्हण की तेता तुमचा खांदा दुखतो, तुम्ही खुर्चीत बसून सांगा, आम्ही मळतो. आम्ही. एका काकीला सारणाचं काम दे, कांदा, खिमा आणि पाइन नट परतायचं, दुसऱ्या काकीकडे शेगडी, सासूबाईंकडे तबूले म्हणजे पार्सलीची कोशिंबीर, तू मळ. आमच्या घरात प्रत्येक पदार्थाला एक नाव लावलेलं आहे आणि त्या माणसाने दुसऱ्या कुणाला तरी सोबत घ्यायचंच असा नियम आहे. तेतांचं काम आता चाखणं आणि नावं ठेवणं, ते त्या आनंदाने करतील, आणि त्यांनी ठेवलेली नावं जरूर लिहून ठेव. आणखी एक, कुणी म्हणालं की हे असली नाही, तर तेतांना त्यांच्या आईचं किब्बे विचार. त्या काळी जुर्न म्हणजे दगडी उखळ आणि लाकडी मुसळ असायचं, मटण त्यात कुटायचे, गावात रविवारी सकाळी घराघरातून तो आवाज यायचा. तेतांच्या आईने मशीनचं किब्बे बघितलं असतं तर तिनेही हे असली नाही म्हटलं असतं.

प्रश्न: मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला आम्ही १२ वर्षं आहोत. नवरा दक्षिण लेबननचा, मुस्लिम कुटुंब. सासूबाई ईदच्या आधी १५० मामूल (सारण भरून साच्यात दाबलेली रव्याची बिस्किटं) करायच्या, आता गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. इथे लेबनीज बेकऱ्या भरपूर, नणंद म्हणते विकत आणू आणि हे प्रकरण बंद करू. माझी नोकरी, रमजानचे दिवस, मलाही झेपत नाही. पण मुलगी विचारते या वर्षी साचे कधी काढायचे. काय करावं?

उत्तर: मुलगी विचारतेय ना, मग बंद करू नका. पण १५० करायचे कुणी सांगितलंय, ४० करा.

आणि विकत आणण्यात काही कमीपणा नाही, लेबननमध्येसुद्धा बकलावा सहसा मिठाईवाल्याकडूनच येतो, ते पातळ पापुद्र्यांचं काम दुकानातच चांगलं होतं. मामूल मात्र घरचा, कारण तो एकट्याने करायचा पदार्थच नाही. आपल्या करंज्यांसारखं आहे हे, एक लाटतो, एक भरतो, एक मुरड घालतो, आणि गप्पा चालू. नणंदेला सांगा बकलाव्याचं तुझ्याकडे, चांगल्यातला आण, मामूल मी आणि मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंना टेबलाशी बसून साच्यात दाबता येतं, गुडघा लागत नाही त्याला.

वेळेचं गणित असं, ईदच्या दोन रविवार आधी करायचं, घट्ट झाकणाच्या डब्यात दोन आठवडे सहज राहतात. शनिवारी रात्री इफ्तारनंतर ५०० ग्रॅम रवा आणि २५० ग्रॅम पातळ केलेलं तूप (समने) तळव्याने चोळून झाकून ठेवायचं, पंधरा मिनिटांचं काम. रात्रभरात रवा तूप पितो, ती रात्र टाळायची नाही, टाळली की मामूल खाताना रवा दाताखाली करकरतो. रविवारी त्यात चार चमचे साखर, चिमूट यीस्ट, अर्धा चमचा महलब (एका जातीच्या चेरीच्या बियांची सुवासिक पूड) आणि नारिंगाच्या फुलांचं पाणी घालत गोळा जमेपर्यंत हलकंच मळायचं. सारणं आधीच्या आठवड्यात करून फ्रीजमध्ये. ओव्हन २०० डिग्री, १२ ते १५ मिनिटं, बूड सोनेरी आणि वरची नक्षी पांढरीच राहिली पाहिजे. अक्रोडाचा गोल घुमटासारखा, पिस्त्याचा लांबट, खजुराचा चपटा, म्हणजे पाहुण्याला न फोडता कळतं आत काय आहे. पिठीसाखर अक्रोड आणि पिस्त्यावरच, खजुराला नाही.

हाच मामूल आमच्याकडे ईस्टरला होतो. साचे तेच, सारणं तीच, आमच्या शेजारी लेबननमधल्या सैदाचं एक कुटुंब आहे, त्यांची ईद आणि आमचं ईस्टर काही वर्षं जवळ जवळ आलं तेव्हा आम्ही एकाच दिवशी एकाच टेबलावर दोन्ही घरांचे केले.

आणि इथे मला माझ्या आईचं सांगायचंय. २००३ साली ती साताऱ्याहून आली होती, ईस्टरच्या आधीचा आठवडा, टेबलाभोवती सासूबाई, दोन अम्तो, मी. आईला अरबी नाही, फ्रेंच नाही, इंग्रजी जेमतेम. तिने चोळलेला रवा बघितला, चिमटीत घेतला, हुंगला आणि मला म्हणाली अगं हे मोहन थोडं कमी वाटतंय. मी भीत भीत सासूबाईंना सांगितलं. त्यांनी आईकडे बघितलं, तुपाचं भांडं तिच्यापुढे सरकवलं. मग ती दोन चमचे तूप घालून चोळत बसली आणि नंतर सारण भरून कडा अशा मिटवल्या की जोड दिसेना, आयुष्यभर करंज्या केलेला हात तो. सासूबाईंनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या यिस्लमो इदेकी, तुझे हात सुखरूप राहोत, आणि मग अम्तोकडे वळून, अंदा नफस, हिच्या हाताला चव आहे. मी भाषांतर केलं तर आई लाजली. ते दोन चमचे जास्तीचं तूप आजपर्यंत आमच्या घरच्या मामूलमध्ये आहे, आणि आता माझ्या मुलीला वाटतं की झाहलेला असंच करतात.

प्रश्न: आई-बाबा सांगलीहून पहिल्यांदाच टोरांटोला येतायत, नाताळ सासरच्या लेबनीज मंडळींसोबत आहे. दोघंही पक्के शाकाहारी. सासूबाई काळजीत आहेत, मीही. त्यांच्यासाठी वेगळं काही करून नेऊ का?

उत्तर: वेगळं नेऊ नका, सासूबाईंना ते लागेल. त्यांना एवढंच म्हणा की आई-बाबांसाठी सियामी पदार्थ करा, त्यांचा चेहरा एकदम उजळेल बघा. सियाम म्हणजे उपास. ईस्टरच्या आधीच्या मोठ्या उपासात लेबननमधले ख्रिस्ती लोक मांस खात नाहीत, बरेच जण दूध-अंडंही सोडतात, आणि त्यासाठी शतकानुशतकं एक अख्खा स्वयंपाक तयार झालाय, बि-झेत म्हणजे ऑलिव्ह तेलातला. फरसबी टोमॅटोत शिजवलेली लुबिये, मसूर-भात आणि वर कुरकुरीत कांदा अशी मजद्दरा, पालक आणि सुमाक (आंबट लाल फळांची पूड) भरलेले फतायेर म्हणजे छोटे त्रिकोणी पाव, तांदूळ-पार्सली भरून गार वाढलेली द्राक्षाची पानं, आणि माझं सगळ्यात आवडतं, लाल भोपळ्याचं किब्बे, आत पालक, छोले, अक्रोड आणि डाळिंबाच्या रसाचा दाट काकवीसारखा आंबट पाक. नाताळला ते कुणी करत नाही असं नाही, करायला सांगितलं पाहिजे. बाबांना भोपळ्याचं किब्बे आवडेल, बाकरवडीच्या वळणाचं आंबट-गोड-तिखट सारण असतं.

दोन गोष्टी आधी विचारून घ्या, भात आणि फ्रीके (हिरवा भाजलेला गहू) बऱ्याचदा चिकन किंवा मटणाच्या पाण्यात शिजवतात, वरून दिसत नाही. आणि आई-बाबांना सांगून ठेवा की आग्रह होणार, आपल्याकडे पंगतीत होतो त्याहून जास्तच, पोट भरलं तर ताटात थोडं ठेवायचं, रिकामं ताट म्हणजे अजून वाढा. जेवताना सहतेन म्हणतील, दुप्पट आरोग्य लाभो असा अर्थ. आईंना सांगा नुसतं हसलं तरी चालेल.

प्रश्न: माझी सून बैरूतची, मुलाची आणि तिची ओळख दुबईत नोकरीत झाली, आता दोघं पुण्यात आमच्याजवळ असतात. ऑक्टोबरमध्ये नात झाली. सुनेच्या आईला यायला जमलं नाही, तिकडची परिस्थिती तुम्हाला माहीत आहेच. डिसेंबर लागला तशी सून गप्प गप्प आहे. मी तिला डिंकाचे लाडू, अळीव सगळं केलं, ती खातेही, पण परवा म्हणाली आमच्याकडे बाळ झालं की मेघली करतात. मला तिला नाताळला सरप्राइज द्यायचंय. कसं करायचं, आणि पुण्यात सामान मिळेल का?

उत्तर: तुमचं पत्र मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. मेघली म्हणजे तांदळाच्या पिठीची मसालेदार खीर, बाळंतपणाचीही आणि नाताळचीही, बाळ झालं की येणाऱ्या प्रत्येकाला वाटीभर देतात, आणि नाताळलाही तीच, कारण तोही एका बाळाचा जन्म. म्हणजे तुमच्या घरी या वर्षी दोन्ही कारणं आहेत.

साहित्य सोपं आहे. एक वाटी तांदळाची बारीक पिठी, सव्वा वाटी साखर, आठ-नऊ वाट्या पाणी, एक मोठा चमचा करावया म्हणजे कॅरावेची पूड, एक मोठा चमचा दालचिनी पूड, एक छोटा चमचा यानसून म्हणजे अनीसची पूड. कॅरावे आपल्या शहाजिऱ्याच्या जवळचं आहे पण तेच नव्हे, पाश्चात्त्य बेकिंगचं सामान मिळतं तिथे मागा, ऑनलाइनही मिळतं. अनीस नाहीच मिळाला तर बडीशेप थोडी कमी घाला, वास जवळचा येतो. सगळं गार पाण्यात कालवून मग गॅसवर, उकळी आली की मंद करून पाऊण तास तरी ढवळायचं, खाली लागू द्यायचं नाही, पिठीचा कच्चा वास पूर्ण गेला पाहिजे. वाट्यांत ओतून गार करायचं. वर सुकं खोबरं आणि रात्रभर भिजवून सोललेले बदाम, अक्रोड, मिळाले तर पाइन नट. तो तपकिरी रंग म्हणजे माती आणि वरचे दाणे म्हणजे त्यातून उगवणारं काहीतरी, असं म्हणतात. खोबरं बघून तुम्हाला आपलंच वाटेल.

पण सरप्राइज नका देऊ, एवढं ऐका माझं. पाऊण तास ढवळायचं काम दोघींचं आहे. तिच्या आईला व्हिडिओ कॉल लावून फोन डब्याला टेकवून ठेवा, त्या तिकडून बघतील, सांगतील साखर आत्ता घाला, दालचिनी वाढवा. २०१९ पासून तिकडे बँकेत अडकलेले पैसे, मग ४ ऑगस्ट २०२० चा बंदरातला स्फोट ज्यात धान्याची कोठारंसुद्धा गेली, मग परत युद्ध, त्या बाईने खूप सोसलेलं असणार आणि लेकीच्या बाळंतपणाला हात लागला नाही हे तर सगळ्यात जास्त. तिचा हात नाही लागणार, पण निदान तिची मेघली तिच्या सूचनेने होऊ दे. पहिली वाटी सुनेला, दुसरी तुम्ही घ्या.

तबूलेही करायचं म्हणत असाल तर एक सांगते, आपला दलिया आणि बुरगुल एक नाही. दलिया कच्च्या गव्हाचा, बुरगुल आधी उकडलेला, म्हणून तो नुसता भिजवून खाता येतो आणि दलिया नाही. बुरगुल नाही मिळाला तर दलिया मऊ शिजवून, निथळून, पूर्ण गार करून घ्या, आणि घालायचा मूठभरच. तबूले म्हणजे पार्सली, गहू नुसता साक्षीला. पार्सली मिक्सरमध्ये अजिबात नाही, काळी पडते आणि पाणी सुटतं, धारदार सुरीने, जुडी घट्ट धरून, बारीक.

प्रश्न: मुलं (९ आणि ६ वर्षांची) सणाला लेबनीज जेवणाला नाक मुरडतात, पास्ता मागतात. सक्ती करावी का?

उत्तर: नाही. पास्ता द्या. पण काम द्या. ४ डिसेंबरला लेबननमध्ये बुरबारा असते, संत बार्बराचा दिवस, ती पळत असताना गव्हाचं शेत क्षणात उगवून आलं आणि तिला लपवलं अशी गोष्ट आहे. त्या दिवशी उकडलेल्या गव्हात साखर, अनीस, डाळिंबाचे दाणे आणि सुका मेवा घालून खातात आणि मुलं मुखवटे घालून घरोघरी फिरतात. त्याच दिवशी बशीत ओल्या कापसावर गहू, मसूर, छोले पेरतात, रोज पाणी घालायचं, नाताळपर्यंत हिरवे कोंब वाढतात आणि ते गोठ्याच्या देखाव्यात ठेवतात. आपल्या घटाच्या धान्यासारखंच. ते काम पूर्ण मुलांचं. माझा मुलगा १० वर्षांचा होईपर्यंत किब्ब्याला शिवला नाही, पण गहू त्याने एक वर्षही चुकवला नाही, आणि आता २२ व्या वर्षी दर नाताळला तोच विचारतो की किब्बे किती ट्रे.

प्रश्न: सासूबाई ऑगस्टमध्ये गेल्या. फ्रीजरमध्ये त्यांनी भरून ठेवलेल्या द्राक्षाच्या पानांचे दोन डबे आहेत, कपाटात त्यांच्या हातची किश्कची बरणी आणि झातर (रानथाईम आणि तिळाचा सुका मसाला). नवरा कशाला हात लावू देत नाही, नुसतं उघडून बघतो आणि बंद करतो. नाताळ तोंडावर आलाय. मी काय करू?

उत्तर: आमच्याकडे हेच झालं. आपल्याकडे उन्हाळ्यात वाळवणं आणि साठवणीचे पदार्थ करतात तसं त्यांचं मूने, हिवाळ्याची बेगमी, तेलातले लबनेचे (घट्ट चक्क्याचे) गोळे, भरून मुरवलेली वांगी, आणि किश्क म्हणजे दह्यात बुरगुल आंबवून वाळवलेली पूड. सासूबाई २०१९ मध्ये गेल्या तेव्हा अशी एक किश्कची बरणी मागे राहिली होती. नवऱ्याने ती तीन वर्षं राखली. शेवटी एका थंडीत त्याने स्वतःच उघडली तेव्हा किश्कला कीड लागली होती. तो त्या दिवशी जेवला नाही. मी तेव्हा काही बोलले नव्हते आणि मला आजही वाटतं की बोलायला हवं होतं, पहिल्याच नाताळला.

म्हणून तुम्ही बोला. त्याला सांगा की फ्रीजरमध्ये भरलेली पानं अशीच राहत नाहीत, चव दर महिन्याला उतरते, आणि आईंनी ती बघायला नव्हती भरली. दोन डब्यांतला एक या नाताळला काढा. एक डबा त्याचा, त्याला हवं तेव्हा काढू दे. माणसं जास्त असतील तर प्रत्येकाला एकेक पान आलं तरी पुरे, पहिलं पान खाताना सगळे अल्ला यिरहमा म्हणतील, देव तिच्यावर दया करो, ख्रिस्ती असोत की मुस्लिम सगळेच म्हणतात. थोडं किश्क नव्या वर्षाच्या सकाळी सूप म्हणून करा, लसूण आणि खिमा परतून. आणि बरणी पूर्ण रिकामी व्हायच्या आत पुढच्या उन्हाळ्यात नवीन किश्क करायला कोण शिकणार ते त्याच दिवशी घरात बोलून ठेवा, नवऱ्याच्या बहिणी असतील, गावाकडची एखादी खाल्तो असेल.

पानं शिजवायची तेव्हा पातेल्याच्या तळाशी मटणाच्या फासळ्या किंवा बटाट्याच्या चकत्या लावा, वर पानं घट्ट गोलात, त्यावर एक बशी उपडी दाबून ठेवा म्हणजे उकळताना सुटत नाहीत, लिंबू शेवटी. मंद गॅसवर तास-दीड तास. आणि मग मोठी परात वर धरून पातेलं उलटं करायचं ते काम नवऱ्याला द्या. बहुतेक घरी ते शेवटचं काम आईच करते, सगळे गोळा होऊन बघतात की आकार टिकतो का. तुमच्याकडेही त्याच करत असतील. त्याला फक्त एवढं सांगा की गॅस बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं पातेलं तसंच ठेव, लगेच उलटलंस तर सगळं विस्कटेल.